रिडंडंट कंट्रोलर: जोडी बसवताना, तपासताना, सांभाळताना

रिडंडंट कंट्रोलर म्हणजे दोन पीएलसींची (यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक संगणकांची) जोडी: ताबा असलेला तो प्रायमरी, आणि तो गेला तर ताबा घ्यायला तयार असलेला तो स्टँडबाय किंवा सेकंडरी. पॅनेल उघडलं की दोन सीपीयू शेजारीशेजारी दिसतात, दोघांवर हिरवे दिवे असतात, मध्ये दोन फायबर. बघणाऱ्याला वाटतं, एक गेला तरी दुसरा आहेच. पण अशी जोडी कोलमडते ती बहुधा दोघांच्या सामाईक गोष्टींमुळे: एकच पॉवर सप्लाय, एकच नेटवर्क स्विच, एकच केबल ट्रे आणि एकच प्रोग्राम. दुसरं कारण म्हणजे स्टँडबाय कधीतरी मुकाट्याने सिंकमधून (दोघांचा डेटा सारखा ठेवण्याच्या व्यवस्थेतून) बाहेर पडलेला असतो आणि ते कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. पुढची सगळी पद्धत या दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून मांडली आहे.

आधी वेळ ठरवा

कॅटलॉग उघडण्याआधी एक आकडा लिहून काढा: कंट्रोल पूर्ण थांबला तर प्रक्रिया किती वेळ तग धरते? पाण्याची मोठी टाकी भरत असेल तर काही मिनिटं. बॉयलर ड्रमच्या पातळीला सेकंदांचाच हिशोब. आउटपुट शून्यावर गेल्यावर कॉन्टॅक्टर सुटत असेल तर मिलिसेकंदांत मोजा. एकाच प्लांटमध्ये हे तिन्ही आकडे सापडतात. जोडी निवडताना सर्वांत लहान आकडा धरायचा.

त्यावरून प्रकार ठरतो. कोल्ड स्टँडबाय म्हणजे प्रोग्राम भरलेला सुटा सीपीयू कपाटात ठेवलेला. बदलायला माणूस लागतो, वेळ अर्ध्या तासापासून पुढे. वॉर्म स्टँडबायमध्ये दुसरा सीपीयू चालू असतो, त्याला डेटाही मधूनमधून मिळतो, पण ताबा घेताना काही स्कॅनचा (प्रोग्रामच्या पूर्ण फेऱ्यांचा) डेटा मागे पडलेला असू शकतो. हॉट स्टँडबायमध्ये दोन्ही सीपीयू सतत सिंकमध्ये असतात आणि ताबा आपोआप बदलतो.

हॉटमध्येही फरक आहेत. सीमेन्सच्या एस७-१५०० मालिकेत आर आणि एच असे दोन वर्ग आहेत. आर वर्गात सीपीयूंचं सिंक प्रोफिनेटच्या (कारखान्यातल्या इथरनेट नेटवर्कच्या) रिंगवरूनच होतं, त्यामुळे अदलाबदलीला साधारण ३०० मिलिसेकंद लागतात. एच वर्गात सिंकसाठी स्वतंत्र फायबर असते, तिथे हा वेळ साधारण ५० मिलिसेकंद. टाकी भरणाऱ्या पंपांना आर वर्ग पुरतो, तिथे एच घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. पण आउटपुट तुटताच ट्रिप होणारी यंत्रं असतील तर फील्डपर्यंतचा वेळ मोजल्याशिवाय आर घेऊ नका.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करून घ्या. हॉट स्टँडबायने उपलब्धता वाढते, सुरक्षितता वाढत नाही. बर्नर ट्रिप किंवा इमर्जन्सी शटडाऊनसाठी सेफ्टी कंट्रोलर वेगळाच लागतो, त्याचा हिशोब आयईसी ६१५११ या सुरक्षेच्या मानकाप्रमाणे करायचा. साध्या पीएलसीची जोडी लावून ती जागा भरून निघत नाही.

जोडीचा हिशोब कुठे फसतो

उदाहरणापुरते आकडे धरू. एका कंट्रोलरचा एमटीबीएफ (दोन बिघाडांमधला सरासरी काळ) १,००,००० तास, बिघाड कळून दुरुस्त व्हायला ८ तास. दोघं एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र असतील तर जोडीचा एमटीबीएफ म्हणजे एमटीबीएफचा वर्ग भागिले दुरुस्तीच्या वेळेची दुप्पट. उत्तर येतं ६२.५ कोटी तास. विक्रीच्या सादरीकरणात हाच आकडा असतो.

आता धरा, १०० पैकी ५ बिघाड असे आहेत की ते दोघांना एकदमच पाडतात: सामाईक वीज, पॅनेलमधली उष्णता, प्रोग्राममधली चूक. आयईसी ६१५०८ मध्ये याला बीटा फॅक्टर म्हणतात. १,००,००० भागिले ०.०५, म्हणजे २० लाख तास. एका फटक्यात आकडा तीनशे पटींहून जास्त खाली आला.

सामाईक बिघाड अजिबात नाहीत असं मानलं, पण स्टँडबायचा बिघाड फक्त वर्षातून एकदा तपासणीत कळतो असं धरलं, तर तो सरासरी ४,३८० तास लपून राहतो. तेव्हा जोडीचा एमटीबीएफ साधारण २३ लाख तासांवर येतो. म्हणून महागड्या सीपीयूवर खर्च करण्याआधी तो पैसा वेगळी वीज, वेगळी केबल आणि चांगला अलार्म यांवर लावा. त्यातून जास्त मिळतं.

वीज

दोन्ही रॅकला स्वतंत्र पॉवर सप्लाय, स्वतंत्र एमसीबी, आणि ते एमसीबी वेगवेगळ्या फीडरवर. दोन्ही एकाच यूपीएसवर टाकू नका. यूपीएसचा बायपास अडकला की दोन्ही रॅक एकदम अंधारात जातात. एक रॅक यूपीएसवर आणि दुसरा वेगळ्या यूपीएसवर, तेही जमत नसेल तर निदान थेट मेन्सवर.

रिमोट आय/ओ (सीपीयूपासून दूर बसवलेली इनपुट-आउटपुट कार्डं), स्विच, मीडिया कन्व्हर्टर यांना सहसा एकच २४ व्होल्टची लाइन जाते. तिथे दोन एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारे पॉवर सप्लाय) डायोड मॉड्यूलमधून जोडा. लोड ६ अँपिअर असेल तर प्रत्येक एसएमपीएस एकट्याने तो पेलेल असा, म्हणजे १० अँपिअरचा घ्या. ५-५ अँपिअरचे दोन लावून "मिळून १०" म्हणायचं, ही चूक अनेक पॅनेलमध्ये सापडते. एक गेला की दुसरा ओव्हरलोडने जातो.

दोघांचे आउटपुट व्होल्टेज मल्टिमीटर लावून सारखे करा. एक २४.५ वर आणि दुसरा २४.० वर राहिला तर सगळा लोड पहिल्यावर जातो आणि दुसरा कधी वापरातच येत नाही. साध्या डायोडवर अर्धा व्होल्ट किंवा थोडं जास्त पडतं, तेव्हा शेवटच्या आय/ओ टर्मिनलवर किती पोहोचतं तेही मोजा. आणि प्रत्येक एसएमपीएसचा डीसी ओके कॉन्टॅक्ट डिजिटल इनपुटला जोडल्याशिवाय पॅनेल बंद करू नका. तो कॉन्टॅक्ट मोकळा सोडला तर पहिला एसएमपीएस मेलेला कोणाला कळत नाही, कळतो तो दुसरा गेल्यावरच.

पॅनेलच्या आतलं तापमानही दोघांचं सामाईक असतं. बहुतेक पीएलसी ६० अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेसाठी असतात, पण ती मर्यादा मॉड्यूलभोवतीच्या हवेची आहे, खोलीची नव्हे. दोन्ही रॅक एकाच पॅनेलमध्ये, त्याला एकच एसी, आणि त्या एसीच्या कंडेन्सेटची नळी वरच्या रॅकच्या माथ्यावर, अशी रचना असेल तर नळी आजच हलवा. जागा असेल तर दोन रॅक दोन पॅनेलमध्ये ठेवा, आणि दोन खोल्यांत ठेवता आले तर आणखी उत्तम.

रॅक आणि सिंकची केबल

दोन्ही सीपीयू एकाच ऑर्डर नंबरचे आणि एकाच फर्मवेअरचे लागतात. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्समध्ये तर अख्खी चॅसिस (मॉड्यूल बसतात तो रॅक) तंतोतंत तशीच हवी: तेच मॉड्यूल, त्याच स्लॉटमध्ये, त्याच फर्मवेअरचे, आणि प्रत्येक चॅसिसमध्ये एक रिडंडन्सी मॉड्यूल. त्या चॅसिसमध्ये आय/ओ कार्ड चालत नाहीत, सगळं आय/ओ नेटवर्कवर जातं. जुन्या चॅसिसमध्ये आय/ओ असेल तर त्यासाठी रिमोट रॅक आणि त्याचं वायरिंग अंदाजपत्रकात आधीच धरा.

श्नायडरच्या मोडिकॉन एम५८० मध्ये सीपीयूच्या मागच्या बाजूला ए आणि बी निवडणारा छोटा रोटरी स्विच असतो. सीपीयू रॅकमध्ये बसल्यावर तो दिसत नाही. एक ए वर, दुसरा बी वर आहे हे बसवण्याआधीच बघा. दोन्ही सारखेच राहिले तर जोडी जुळत नाही, आणि शोध मात्र केबलमध्ये सुरू होतो.

फायबरबाबत तीन गोष्टी. पहिली, अंतराप्रमाणे सिंक मॉड्यूल निवडा. सीमेन्सच्या एस७-४००एच ला १० मीटरपर्यंतचे वेगळे आणि १० किलोमीटरपर्यंतचे वेगळे मॉड्यूल आहेत. दुसरी, केबलला जाडीच्या दहापटीपेक्षा कमी त्रिज्येचं वळण देऊ नका. ३ मिलिमीटरच्या पॅचकॉर्डला किमान ३० मिलिमीटर. पॅनेलच्या दारात चिमटलेली फायबर सुरुवातीला चालते, नंतर उन्हाळ्यात अधूनमधून सिंक सोडते. तिसरी सर्वांत महत्त्वाची: दोन फायबर दोन वेगळ्या मार्गांनी न्या. दोन्ही एकाच ट्रेमधून गेल्या आणि वेल्डिंगच्या एका ठिणगीने एकदम तुटल्या, तर प्रत्येक सीपीयूला वाटू शकतं की दुसरा मेला. मग दोघंही स्वतःला प्रायमरी मानतात. एक फायबर आधी आणि दुसरी नंतर तुटली तर सिस्टीम ते सांभाळून घेते. दोन्ही एकाच क्षणी तुटल्या तर काय होईल याची खात्री देता येत नाही.

नेटवर्क आणि आय/ओचा वॉचडॉग

ताबा बदलला तरी एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) आणि स्काडाला (प्लांटवर लक्ष ठेवणाऱ्या संगणकाला) तोच पत्ता दिसला पाहिजे. प्रत्येक कंपनी हे वेगळ्या तऱ्हेने करते. कंट्रोललॉजिक्समध्ये आयपी अदलाबदल असते: प्रायमरीचा पत्ता १९२.१६८.१०.१० असेल तर सेकंडरी १९२.१६८.१०.११ घेतो, आणि ताबा बदलला की पत्तेही बदलतात. एम५८० मध्येही मुख्य पत्त्याच्या पुढचा पत्ता स्टँडबायसाठी राखीव असतो. त्यामुळे पत्त्यांच्या यादीत "पुढचा नंबर राखीव" असं ठळक लिहा, नाहीतर कोणीतरी तो प्रिंटरला देतं. एस७-१५०० आर/एच मध्ये दोन सीपीयूंचे आपापले पत्ते आणि त्यांच्यावर एक सिस्टीम आयपी असतो. एचएमआयमध्ये सिस्टीम आयपीच टाका. एका सीपीयूचा स्वतःचा पत्ता टाकला की रोज सगळं व्यवस्थित दिसतं आणि नेमक्या बिघाडाच्या वेळी स्क्रीन कोरी पडते.

पत्ता एका यंत्रावरून दुसऱ्यावर गेला की स्विच आणि इतर यंत्रांनी तो बदल शिकून घ्यावा लागतो. मॅनेज्ड स्विचवर पोर्ट सिक्युरिटी लावलेली असेल, किंवा फायरवॉलमध्ये मॅक पत्ता (यंत्राच्या नेटवर्क पोर्टचा स्वतःचा क्रमांक) हाताने बांधलेला असेल, तर हा बदल तिथेच अडतो. सीपीयू ५० मिलिसेकंदांत ताबा घेतो आणि स्काडा मात्र अनेक मिनिटं आंधळा राहतो. आयटी विभागाने सुरक्षेसाठी केलेली ही सेटिंग जोडीच्या पोर्टपुरती काढायला सांगा. टीसीपीवर चालणारी जोडणी, उदाहरणार्थ मॉडबस टीसीपी, ताबा बदलताना तुटते असंच धरा. क्लायंटला ती पुन्हा जोडावी लागते. क्लायंटचा टाइमआउट ३० सेकंद असेल तर तेवढा वेळ डेटा गोठलेला राहील.

आता वॉचडॉग, म्हणजे डेटा किती वेळ आला नाही तर संपर्क तुटला असं मानायचं ती मुदत. प्रोफिनेटमध्ये अपडेट टाइम गुणिले डेटा न येता चालवून घेतलेली आवर्तनं, हा त्या यंत्राचा वॉचडॉग. ८ मिलिसेकंद आणि ३ आवर्तनं म्हणजे २४ मिलिसेकंद. एमआरपी रिंग (एक केबल तुटली तर डेटा उलट्या बाजूने नेणारं नेटवर्क) तुटल्यावर मार्ग बदलायला ५० यंत्रांपर्यंतच्या रिंगमध्ये २०० मिलिसेकंदांपर्यंत लागू शकतात. म्हणजे रिंग सावरायच्या आधीच आय/ओ "कंट्रोलर गेला" म्हणून आउटपुट सोडून मोकळं होईल. अपडेट टाइम ६४ आणि ४ आवर्तनं ठेवली तर वॉचडॉग २५६ मिलिसेकंद होतो, आणि रिंग आधी सावरते. प्रक्रियेला एवढा उशीर चालत नसेल तर एमआरपी सोडा आणि पीआरपी किंवा एचएसआर घ्या. त्यात डेटा एकाच वेळी दोन मार्गांनी जातो, त्यामुळे एक मार्ग तुटला तरी खंड पडत नाही.

कंट्रोलरशी संपर्क तुटला तर आउटपुटने काय करायचं हे प्रत्येक चॅनेलला वेगळं ठरवा. कूलिंग पंपाला शेवटची स्थिती धरून ठेवणं योग्य, इंधनाच्या व्हॉल्व्हला बंद होणं योग्य. सगळं कारखान्यातून आलेल्या मूळ सेटिंगवर सोडणं मात्र कधीच योग्य नसतं.

प्रोग्राम: दोघांचा एकच मेंदू

हॉट स्टँडबायची सर्वांत दुखरी नस इथे आहे. दोन्ही सीपीयू तोच प्रोग्राम, तोच डेटा घेऊन चालतात. रेसिपी क्रमांक चुकून ५१ आला आणि ॲरे (क्रमांकाने वाचायची डेटाची यादी) ५० चीच असेल, तर कंट्रोललॉजिक्सचा प्रायमरी मेजर फॉल्टने थांबतो. ताबा सेकंडरीकडे जातो, तोही तीच ओळ त्याच ५१ ने चालवतो आणि त्याच कारणाने थांबतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, "दोन-दोन सीपीयू एकदम जळाले". हार्डवेअर ठणठणीत असतं.

म्हणून बाहेरून, म्हणजे एचएमआय, स्कॅनर किंवा दुसऱ्या पीएलसीकडून आलेला प्रत्येक इंडेक्स वापरण्याआधी मर्यादेत बांधा. भागाकाराआधी भाजक शून्य आहे का बघा. लूप किती वेळा फिरेल याला कमाल आकडा द्या. एस७ मध्ये एरर ओबी (चूक घडली की आपोआप चालणारे प्रोग्रामचे भाग) भरा. नुसता रिकामा ओबी ठेवून सीपीयू चालू राहतो खरा, पण चूक झाकली जाते. आत किमान एक काउंटर आणि अलार्म ठेवा. सीपीयूची रिडंडन्सी गेल्यावर ओबी ७२ चालतो. त्यात ऑपरेटरपर्यंत पोहोचणारा अलार्म लिहायला विसरू नका.

फर्स्ट स्कॅनचं लॉजिक पुन्हा वाचा. बऱ्याच जुन्या प्रोग्राममध्ये फर्स्ट स्कॅनला सेटपॉइंट (ठरवून दिलेल्या किमती) शून्य करायचे, सीक्वेन्स पहिल्या पायरीवर आणायचा, अशा ओळी असतात. खऱ्या हॉट स्टँडबायमध्ये ताबा बदलताना त्या सहसा चालत नाहीत, पण स्वतः जुळवलेल्या वॉर्म जोडीत हमखास चालतात आणि चालू बॅच पायरी एकवर जाते.

सिंकला वेळ लागतो आणि तो स्कॅनमध्ये मिळवला जातो. कंट्रोललॉजिक्समध्ये बदललेल्या टॅगचा (नाव दिलेल्या डेटाचा) डेटा प्रोग्रामच्या शेवटी सेकंडरीकडे जातो. त्यात बारकावा असा की किंमत तीच राहिली तरी टॅगवर पुन्हा लिहिलं गेलं तर तो डेटा जातोच. म्हणून दर स्कॅनला मोठी ॲरे कॉपी करणाऱ्या ओळी शोधा आणि गरज असेल तेव्हाच चालतील अशी अट घाला. न वापरलेले टॅग काढा. स्कॅनचा कमाल वेळ जोडी सिंकमध्ये असताना नोंदवा, एकट्या सीपीयूवर मोजलेला आकडा इथे कामाचा नाही. शिवाय नवा सीपीयू सिंक होत असताना स्कॅन आणखी वाढतो. स्कॅनचा वॉचडॉग ऐन काठावर ठेवला असेल तर दुरुस्तीनंतर जोडी जुळतच नाही, दर वेळी सिंक अर्ध्यात सुटतं.

दोन साधे पीएलसी जोडायचे असतील तर

लहान कामात हॉट स्टँडबाय परवडत नाही, तेव्हा दोन साधे पीएलसी आणि स्वतः लिहिलेलं लॉजिक असा मार्ग घेतला जातो. तो चालतो, पण तीन ठिकाणी काटेकोर राहावं लागतं.

पहिलं ठिकाण हार्टबीट. प्रायमरीने दर १०० मिलिसेकंदांनी काउंटर एकाने वाढवावा, स्टँडबायने तो बघावा. सलग ५ वेळा बदलला नाही तर गडबड आहे असं मानावं. पण हार्टबीट एकाच केबलवर ठेवू नका. एक इथरनेटवर, दुसरा प्रायमरीच्या डिजिटल आउटपुटवरून स्टँडबायच्या इनपुटला थेट वायरने, पल्सच्या रूपात. नुसतं चालू राहणारं आउटपुट नको, कारण अडकलेलं आउटपुटही चालूच दिसतं. इथरनेटचा हार्टबीट गेला आणि वायरचा पल्स येतोय, तर ताबा घ्यायचा नाही, अलार्म द्यायचा. दोन्ही गेले तरच ताबा.

दुसरं ठिकाण आउटपुट. दोन्ही पीएलसींनी एकाच वेळी व्हॉल्व्ह चालवू नये हे लॉजिकवर सोडू नका, वायरिंगने बांधा. चेंजओव्हर रिलेचा एनसी (एरवी जोडलेला) कॉन्टॅक्ट प्रायमरीकडे आणि एनओ (एरवी उघडा) स्टँडबायकडे दिला की दोघं एकदम जोडले जाणं शक्यच राहत नाही. ४ ते २० मिलिअँपिअरचा लूपही असाच बदलता येतो. रिले सरकताना लूप क्षणभर उघडा पडतो. लूपवरच चालणारा स्मार्ट पोझिशनर (व्हॉल्व्ह हलवणारं यंत्र) तेवढ्यात रीस्टार्ट होऊ शकतो, म्हणून तो प्रत्यक्ष जोडून तपासा.

तिसरं ठिकाण डेटा, आणि बहुतेक जुळण्या इथेच बिघडतात. मॉडबस टीसीपीवर फंक्शन १६ ने एका वेळी जास्तीत जास्त १२३ रजिस्टर लिहिता येतात. डेटा ३०० रजिस्टरचा असेल तर तो तीन तुकड्यांत जातो. दुसरा तुकडा जाताना प्रायमरी मेला तर स्टँडबायकडे अर्धा नवा, अर्धा जुना डेटा राहतो: सीक्वेन्स पायरी ७ वर आणि त्या पायरीचा टायमर पायरी ६ चा. उपाय सोपा आहे. प्रत्येक तुकड्याच्या पहिल्या आणि शेवटच्या रजिस्टरमध्ये तोच क्रमांक लिहा. स्टँडबायने तिन्ही तुकड्यांचे सहाच्या सहा क्रमांक जुळले तरच डेटा कामाच्या जागी कॉपी करावा, नाहीतर आधीचा पूर्ण संच तसाच ठेवावा. एक आवर्तन जुना असला तरी अखंड संच फाटलेल्या संचापेक्षा केव्हाही बरा.

पीआयडीचा (पातळी, दाब अशी किंमत सेटपॉइंटवर धरून ठेवणाऱ्या गणिताचा) फक्त सेटपॉइंट आणि मोड पाठवून भागत नाही. स्टँडबायचा पीआयडी ट्रॅकिंगमध्ये ठेवा, त्याचं आउटपुट प्रायमरीच्या आउटपुटच्या मागे चालू द्या, आणि ताबा घेताना ट्रॅकिंग सोडा. तसं न केल्यास स्टँडबायचा इंटिग्रल (साठत जाणाऱ्या फरकाची बेरीज) एका टोकाला जाऊन बसलेला असतो आणि ताबा घेताच व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो किंवा पूर्ण मिटतो. पहिला पीएलसी दुरुस्त झाला की ताबा आपोआप परत देऊ नका. ते काम ऑपरेटरच्या बटणावर ठेवा, नाहीतर अर्धवट बिघडलेला पीएलसी ताबा पुन्हापुन्हा घेत आणि सोडत राहतो.

चाचणी

मोड स्विचने स्टॉप करून ताबा बदलला, एवढ्यावर चाचणी संपवू नका. स्टॉप हा सभ्य बिघाड आहे, त्यात सीपीयू निरोप घेऊन जातो. खरा बिघाड असा येत नाही. प्रक्रिया बंद असताना, आउटपुट मोकळे करून, पुढच्या क्रमाने जा. प्रत्येक चाचणी दोन्ही दिशांनी करा, आणि पुढची सुरू करण्याआधी जोडी पुन्हा सिंकमध्ये आल्याची खात्री करा.

१. स्टँडबायची वीज बंद. प्रायमरीवर काहीही फरक पडू नये, अलार्म मात्र आला पाहिजे.
२. प्रायमरीची वीज एमसीबीने बंद.
३. एक सिंक फायबर काढा, अलार्म बघा, परत लावा. मग दुसरी.
४. प्रायमरीची नेटवर्क केबल काढा. सीपीयू जिवंत पण बाहेरच्या जगाशी तुटलेला, अशा वेळी ताबा जातो की नाही हे सिस्टीमप्रमाणे बदलतं. तुमच्याकडे काय होतं ते कागदावर लिहून ठेवा.
५. रिंगमधली एक केबल काढा, आय/ओ सुटतं का बघा.
६. एक स्विच बंद करा.
७. एक-एक करून दोन्ही एसएमपीएस बंद करा.
८. एचएमआयवरून मर्यादेबाहेरचा रेसिपी क्रमांक द्या. सीपीयू चालूच राहिला पाहिजे.

वेळ डोळ्यांनी मोजू नका. एक मोकळं डिजिटल आउटपुट प्रोग्रामने दर १०० मिलिसेकंदांनी उलटं करा आणि त्याला ऑसिलोस्कोप किंवा जलद रेकॉर्डर लावा. शेजारी एका ॲनालॉग चॅनेलवर स्थिर १२ मिलिअँपिअर द्या. ताबा बदलताना चौकोनी लाटेतला एक पट्टा लांबलेला दिसतो, तो जितका लांबला तितका तुमच्या आउटपुटचा खरा खंड. १२ मिलिअँपिअरची रेषा त्या वेळात सरळ राहिली तर आउटपुट धरून ठेवलं गेलं. खाली खड्डा पडला तर वॉचडॉग आधी संपला. हा आलेख छापून फाइलला लावा. पुढे कोणी अपडेट टाइम बदलला की तुलनेला तोच उपयोगी पडतो.

रोजची देखरेख आणि सीपीयू बदलणं

"रिडंडन्सी गेली" हा अलार्म माहितीच्या यादीत टाकू नका. त्याला ऑपरेटरला दिसणारी प्राथमिकता, काय करायचं ते आणि किती वेळात करायचं ते, असं तिन्ही हवं. तो अलार्म लागलेला असताना प्लांट एका सीपीयूवर चाललेला असतो. कंट्रोललॉजिक्सच्या कम्युनिकेशन मॉड्यूलवरच्या चार अक्षरी पाटीवर पीडब्ल्यूक्यूएस दिसलं तर सेकंडरी तयार आहे. पीडब्ल्यूडीएस दिसलं तर तो अपात्र ठरलेला आहे, आणि पीडब्ल्यूएनएस म्हणजे सेकंडरीच नाही. पहिल्या पाळीला ही पाटी वाचून नोंदवहीत लिहायला दहा सेकंद लागतात. याच सिस्टीममध्ये ऑटो-सिंक्रोनायझेशन "कधीच नाही" वर राहिलं असेल तर ताबा एकदा बदलल्यावर जोडी आपोआप जुळत नाही. चाचणीच्या वेळी केलेली ही सेटिंग परत फिरवायची राहून जाते.

दर शटडाऊनला वीज तोडून ताबा एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या बाजूने बदला. नेहमी एकच सीपीयू प्रायमरी राहिला तर दुसऱ्याच्या नेटवर्क पोर्टने आणि केबलने खरं काम कधी केलेलंच नसतं.

सीपीयू बदलताना घाई हीच मोठी जोखीम. आधी कोणता सीपीयू प्रायमरी आहे ते सॉफ्टवेअरमध्ये बघा, मग दिव्यांवर बघा, दोन्ही जुळले की बंद असलेल्या रॅकवर टॅग लावा. चुकीच्या रॅकचा एमसीबी पाडला तर उरलेला एकमेव चालता सीपीयूही जातो. नव्या सीपीयूचा ऑर्डर नंबर आणि फर्मवेअर टेबलावरच तपासा. फर्मवेअर वेगळं असेल तर रॅकमध्ये बसवण्याआधी टेबलावरच जुळवून घ्या. एम५८० असेल तर मागचा ए-बी स्विच जुन्याप्रमाणे ठेवा. सिंक फायबरची टोकं पुसून लावा, टोपण काढल्यावर बोटही लावू नका. वीज द्या आणि सिंक पूर्ण होईपर्यंत कोणालाही डाउनलोड करू देऊ नका.

पूर्ण शटडाऊननंतर वीज देताना क्रम पाळा. शेवटी जो प्रायमरी होता त्याला आधी वीज, तो रनमध्ये आला की मग दुसऱ्याला. बऱ्याच सिस्टीममध्ये आधी उठणारा प्रायमरी होतो. कपाटातून काढलेला, मागच्या वर्षीचा प्रोग्राम असलेला सीपीयू आधी उठला, तर तो आपला जुना प्रोग्राम आणि जुने सेटपॉइंट घेऊन प्रायमरी होईल आणि चांगल्या सीपीयूवर तेच लिहील. म्हणून सुट्या सीपीयूमधला प्रोग्राम पुसून, फर्मवेअर चालू जोडीइतकंच करून, वर तारखेची चिठ्ठी लावूनच तो कपाटात ठेवा. जोडीचं फर्मवेअर बदललं की त्याच दिवशी कपाटातल्याचंही बदला.